दोन ठोके आणि एक

वायरलेस

"नांगर खंय?"

"देवगडाक, मामांनू."

"ठोके दिलास?"

"दिलंय."

"बरा. जेवा मगे."

एवढं बोलून आत्माराम मेतरांनी घरचा वायरलेस बंद केला. रोज सूर्य बुडायच्या सुमारास ते एवढंच विचारत. इकडे मचव्यावर त्यांच्या सुनेने, रसिकाने, वायरलेस खुंटीला अडकवला आणि हातातली लाकडी मोगरी होडीच्या पुढच्या टोकाशी, नाळेपाशी, परत ठेवली.

मेतरांच्या घरची रीत होती ती. नांगर सोडण्याआधी होडीच्या आतून नाळेच्या फळीवर ठोके द्यायचे. दोन, मग थोडं थांबून एक. दोन समुद्राला, एक त्या जागेच्या राखणदाराला. इतर घरांतले लोक पाण्यात तंबाखूची चिमूट सोडतात, कुणी खोबऱ्याचा तुकडा. मेतर ठोकतात.

"माझ्या रेकॉर्डिंगची वाट लागता गो वैनी," ऊर्मिला म्हणाली. ती रसिकाची धाकटी नणंद, गोव्याच्या एका संस्थेत समुद्रातल्या आवाजांचा अभ्यास करणारी. "मी सगळा शांत ठेवचा, आणि तू धाड धाड."

"बापाशीक सांग तुझ्या."

"सांगलंय अण्णांका. ते म्हणतत, ठोके नायत तर धाकली किनारो सोडूची नाय."

देवगड

धाकली म्हणजे हा मचवा. थोरली दुसरी. आत्माराममामांनी दोन्ही मचवे एकाच वर्षी, एकाच सुताराच्या हातून, एकाच तोडीच्या लाकडातून बांधून घेतले होते. डिझेल परवडेनासं झालं तसे किनाऱ्यावर शिडाचे मचवे परत आले. पाहुण्यांना घेऊन या बंदरातून त्या बंदरात जायचं, दुपारी शीड, संध्याकाळी एखाद्या शांत खाडीत नांगर. थोरली चालवायचा भालचंद्र, रसिकाचा नवरा.

अकरा वर्षांपूर्वी पाहुण्यांना वेंगुर्ल्याला उतरवून तो एकटा उत्तरेकडे परत निघाला. कार्तिकात, आकाश निवळल्यावर, अंदाज चुकवून वादळ आलं. थोरली सापडली नाही. भालू सापडला नाही. एक फळी नाही, शिडाचं एक फडकं नाही.

त्याचं उत्तरकार्य झालं नाही. मामांनी होऊ दिलं नाही. "समुद्रान सांगल्याशिवाय नाय," म्हणाले, आणि पुढे त्या विषयावर बोलले नाहीत. रसिकाच्या गळ्यात काळे मणी तसेच राहिले. वाडीतल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या, आणि कुंकू लावताना प्रत्येकीचा हात किंचित थांबायचा. रसिकाला तो थांबलेला हात सोसवत नव्हता. हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण कुणीतरी म्हणा. ऊर्मिलाने थोरलीचा आवाज शोधू शकणाऱ्या यंत्राबद्दल सांगितलं तेव्हा ती लगेच तयार झाली ती यासाठी.

मामा नको म्हणतील असं दोघींना वाटलं होतं. त्यांनी स्वतः धाकलीचं शीड शिवून दिलं.

तार

समुद्राच्या तळाशी किनाऱ्यालगत एक केबल आहे. फोन आणि इंटरनेटसाठी टाकलेली. आत केसासारखे काचेचे तंतू, त्यांतून प्रकाश धावतो.

काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात कणाकणाला थोडा फरक राहतोच. तंतूत प्रकाशाचा एक क्षणिक झोत सोडला, तर या फरकांवर आपटून त्याचा अगदी नगण्य अंश उलटा येतो. किती वेळाने आला यावरून तो किती लांबून आला ते कळतं. आता वर पाण्यात आवाज झाला, समजा देवमासा बोलला किंवा इंजिन धडधडलं, की तो आवाज केबलला ताणतो. हा ताण इतका कमी की कुठल्याही पट्टीने मोजता यायचा नाही. पण परतणाऱ्या प्रकाशाची लय तेवढ्यानेही बदलते. म्हणजे केबलच्या दर काही हातांवर एक कान. किनारपट्टीभर हजारो कान, एका तारेत ओवलेले.

हे जुनं ज्ञान. भूकंप आणि त्सुनामी ओळखायला ते वापरत आणि केबलने ऐकलेलं सगळं साठवून ठेवत. त्या साठ्यात अकरा वर्षांपूर्वीचं कार्तिकातलं वादळही होतं. अडचण अशी की समुद्र कधी गप्प नसतो. दगड गडगडतात, कोळंबी टिचक्या वाजवते, जेट्टीचे खांब करकरतात. या गोंगाटातून शिडाचा एक मचवा, ज्याला इंजिनच नाही, वेगळा काढायचा कसा?

ऊर्मिलाच्या संस्थेतलं नवं यंत्र ते करू शकत होतं, पण त्याला आधी तो आवाज ओळखीचा करून द्यावा लागे. प्रत्येक लाकडी होडीचा स्वतःचा नाद असतो, फळ्यांची जाडी, सांधे, खिळे यांनी ठरलेला. थोरलीचा नाद आता कुठून आणणार?

धाकलीकडून. एकाच तोडीचं लाकूड, एकच हात. ज्या वाटेने थोरली यायची त्या वाटेने, त्याच महिन्यात, धाकली न्यायची, बंदराबंदरात थांबायचं, आणि यंत्राला ऐकवत राहायचं: ही बघ, अशी. हिची बहीण शोध.

आचरा

"वैनी, भात नको. नुसती सोलकढी दी."

"समुद्राची शास्त्रज्ञ, आणि दोन लाटांत आडवी."

"मी तळाचो अभ्यास करतंय. तळ हलत नाय."

"पी गप. उद्या खंय?"

"मालवण. मगे कर्लीची खाडी, मगे निवती. तेव्हा अण्णांनी शोधणाऱ्यांका सांगलेली तीच बंदरां. थोरली आसऱ्याक जायत तर हयच जायत, असा."

"आणि त्येंच्या यादीतसून एखादा बंदर सुटला आसात तर?"

"अण्णांकडसून? तेंका किनारो तळहातासारखो पाठ आसा."

"उंडिणीची घळ त्येंनी सांगलेली?"

"घळ कशाक सांगतीत? थंय मेतरांचो नांगर पडत नाय."

"ह्या मी लग्न झाल्यापासून आयकतंय. कित्याक पडत नाय, ता माका कोणी धड सांगाक नाय."

"पणज्याची गोष्ट ती. वादळात तो घळीत नांगर टाकून बसललो. मागसून दुसरी होडी आसऱ्याक इली. पणज्यान जागा दिल्यान नाय. ती भायर खडकार फुटली, माणसां गेली. मगे पणज्यान देवळात, सगळ्या वाडीसमोर, राखणदाराक गाऱ्हाणा घातल्यान. ह्या पाण्यात परत आमचो नांगर पडूचो नाय."

"म्हणान कोणीच जावक नाय? चार पिढ्यो?"

"कोणीच नाय. वैनी, दादा तर देवाक नारळ चुकवी नसे. तो जायत?"

"नाय. जावचो नाय."

"मगे?"

"मगे काय. भांडी धू."

मालवण

सकाळी जमिनीकडून येणारी मतलई सुटली होती. रसिका शिडाची दोरी सोडवत होती. ऊर्मिला मांडीवर टॅबलेट घेऊन बसली होती.

"वैनी."

"काय?"

"यंत्रान थोरली शोधून काढलान."

रसिकाने दोरी सोडली नाही. तिने ती परत खुंटीला गुंडाळली, एक वेढा, दुसरा वेढा, नेहमीपेक्षा जास्त.

"खंय?"

 ऊर्मिलाने टॅबलेट फिरवून पुढे धरला. नकाशावर केबलची निळी रेघ निवतीच्या अलीकडे खडक टाळून किनाऱ्याजवळ वळली होती. वळणावर लाल ठिपका होता. ठिपक्यासमोर किनाऱ्यात चिरेसारखी एक खाच, उंडिणीची घळ.

"चूक आसतली," रसिका म्हणाली.

"माकाय तसाच वाटला. म्हणान मी आयकलंय." ऊर्मिलाच्या आवाजात काही उरलं नव्हतं. "लाकडाचो नाद जुळता, पण यंत्राक खात्री त्येना झाली नाय. ठोक्यांनी झाली. मी गाळून टाकी होतंय ते ठोके."

घळ, तेव्हा

वादळाची रात्र: काही नाही. सगळं भरून टाकणारा पाण्याचा आवाज.

पहाट. लाकडावर लाकूड. दोन. थांबून एक. मग साखळी सुटते, तळाला लागते.

दिवस. फळ्या करकरतात. एक काहीतरी जड, लांब, पुन्हा पुन्हा होडीच्या अंगावर आपटतं. (ऊर्मिलाचा अंदाज: मोडलेली डोलकाठी, दोरांत अडकलेली.) नंतर करवतीचा आवाज. बराच वेळ. अधूनमधून थांबत. मग आपटणं बंद.

दोन. एक.

दोन. एक.

नांगर कधीच पडलेला आहे. हे ठोके रीतीचे नाहीत.

दुसरा दिवस. दुरून इंजिन. जवळ येतं. शोधणाऱ्यांची बोट. घळीच्या तोंडासमोरून जाते.

दोन एक दोन एक दोन एक दोन

इंजिन मंद होत नाही. दक्षिणेकडे निवतीला जातं.

संध्याकाळी तेच इंजिन परत. याच वाटेने, उलट. ठोके. इंजिन. ठोके.

त्यानंतरचे दिवस. ठोके विरळ. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पण दोन आणि एक. मधलं थांबणं तेवढंच, कधी चुकलेलं नाही.

एक सकाळ. ठोके नाहीत. साखळी वर येते. थोडी, थांबते, थोडी. शेवटी नांगर नाळेला टेकल्याचा आवाज. फळ्यांवरून पाणी सरकतं.

खाच सोडून बाहेर.

केबल पुढे ऐकत राहते. थोरलीचा नाद लाटांत मिसळतो. कुठे संपला ते दाखवता येत नाही.

मालवण, पुन्हा

दोघी दुपारपर्यंत निघाल्या नाहीत. मतलई पडली. जेट्टीवर लिलावाचा आरडाओरडा झाला आणि थांबला.

"बोटीपर्यंत त्येचो आवाज जायत नसतलो," रसिका म्हणाली. "वायरलेस?"

"घळीत वायरलेस लागत नाय. दोनय बाजूंनी कडो." ऊर्मिलाने डोळे पुसले. "वरसून हेलिकॉप्टराक दिसात नाय, उंडिणीची झाडां पाण्यार वाकली आसत. बोटीवाल्यांनी आत बघूक होया होता. पण त्येंच्या हातात अण्णांची यादी. आणि बोटीर वाटाडे आपल्याच वाडीतले. ते म्हणाले आसतीत, मेतर आत जावचो नाय."

"खराच म्हणाले."

"वैनी, अण्णांका सांगूक होया."

"काय सांगशीत?"

"सगळा. काय आयकलंव ता."

"म्हणजे काय? तुमी घळीचा नाव घेतलास नाय, तो आत ठोकत रवलो, बोट दोनदा समोरसून गेली?" रसिकाचा आवाज चढला. "एकटे आसत ते घरात आज. चुलीकडे कोणी नाय. ता आयकून ते उद्या उठतीत?"

"मगे लपवचा? यंत्रात सगळा नोंद आसा. उद्या संस्थेत कोणीय आयकतला. आणि तूच म्हणी होतंस, हो तर हो, नाय तर नाय, काय ता एक सांगा. आता मिळाला तर..."

"माका मिळाला. माझा मी बघीन." रसिकाने काळ्या मण्यांवर हात ठेवला आणि काढून घेतला. "मामांनी जाणून नाय केल्यांनी. त्येंच्या डोक्यात ती जागाच नाय. ज्या दारातसून आपला माणूस कधी जावचा नाय, त्या दारात कोण बघता?"

"तरीय."

"तरीय काय? अकरा वर्सां माझ्या ताटात मासो पयलो त्येंनी वाढल्यांनी. तू गोव्याक होतंस."

हे लागलं. ऊर्मिला उठून मचव्याच्या मागच्या टोकाला गेली आणि पाण्याकडे तोंड करून बसली.

समुद्राकडचा वारा सुटला तेव्हा रसिकाने एकटीने शीड चढवलं. सुकाणू धरल्यावर तिने एवढंच म्हटलं, "आधी जागा बघूया."

घळीचं तोंड

वाटेत वारा उतरत गेला. कर्लीचं तोंड मागे पडलं आणि उजेड पिवळा झाला. काळ्या कड्यात एक फट दिसली, आणि फटीच्या आत हिरवं.

वायरलेस वाजला.

"नांगर खंय?"

रसिकाने बटण दाबलं. ऊर्मिला तिच्या तोंडाकडे बघत होती.

"अजून टाकूक नाय, मामांनू. वारो पडलो. निवती गाठूक होवची नाय. आमी उंडिणीच्या घळीसमोर आसंव."

खरखर. ते आता म्हणतील, वल्ही मारा आणि कर्लीला मागे फिरा. रसिका त्याची वाट बघत होती. त्यांनी तसं म्हटलं असतं तर तिने ऐकलं असतं, आणि बाकीचं सगळं कायमचं गिळलं असतं.

"भरती आसा?"

"आसा."

"मगे खडक दिसूचो नाय." म्हाताऱ्याचा आवाज सावकाश येत होता, पायाखालचं बघत चालल्यासारखा. "तोंडातच आसा, उजव्या अंगाक. आतल्या तीन उंडिणी एका रेषेत येयपर्यंत थांब. इल्यो की डावीकडे वळान आत जा. आत पाणी गपगार. केस हलूचो नाय."

ऊर्मिला उठून उभी राहिली.

"मामांनू," रसिका म्हणाली, "ह्या तुमका कसा म्हायत?"

 शीड एकदा फडफडलं.

"एक रात रवलंय थंय. भालू माझ्या वांगडा होतो, ल्हान. दुसरो इलाज नव्हतो. मगे तेका शपथ घातलंय, घराक बोला नको. बोललो नाय कधी." खरखर. "शोधणारे आंगणात इले तेव्हा सगळी वाडी उबी होती. एक एक बंदर सांगत गेलंय. ह्या नाव जिभेर होता. वाटला, उद्या सांगूया, तेंच्यातल्या एकाक एकटो गाठून. उद्या म्हणता म्हणता ते निघान गेले."

ऊर्मिलाने तोंडावर हात धरला.

"ठोके दी म्हणान तुका म्हणूनच सांगी होतंय, बाय. यंत्राक ओळख पटूक होई." मग अगदी हळू: "आयकला त्येना?"

"आयकला."

"थंयच?"

"होय."

"किती दिस ठोके देय होतो?"

रसिकाने ऊर्मिलाकडे पाहिलं. ऊर्मिलाने आयुष्यभर ऐकलेलं जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं.  तिने मान खाली घातली.

"एकदाच, मामांनू," रसिका म्हणाली. "नांगर टाकताना. दोन आणि एक. सकाळी वादळ उतारला तसो आपणच नांगर उचललान आणि भायर गेलो."

"आपणच?"

"आपणच."

"शोधणारे येवच्या आधी?"

"खूप आधी."

त्या बाजूला श्वास ऐकू आला. आत घेतलेला, आणि बराच उशिरा सोडलेला.

"मगे घराक येवक निघाललो तो," आत्माराममामा म्हणाले. "येवा तुमीय. कार्य करूया."

"होय."

"ठोके दी हां, आत गेल्यार."

"देतंय."

घळ, आता

तीन उंडिणी एका रेषेत आल्या. रसिकाने सुकाणू वळवलं आणि वायरलेसची खरखर कड्याने कापल्यासारखी तुटली.

आत पाणी खरंच संथ होतं. उंडिणीच्या फांद्या वाकून पाण्याला टेकत होत्या. पांढरी फुलं तरंगत होती. किनाऱ्यावर काही नव्हतं, ना फळी ना दोर. दोघींनी पाहिलं, कारण न पाहणं शक्य नव्हतं.

"वैनी," ऊर्मिला म्हणाली, "कधीतरी अण्णांका कळतला."

"कळांदे. कार्य झाल्यार." रसिकाने गळ्यातले काळे मणी उतरवले, पदराच्या टोकात बांधले आणि मोगरी उचलली.

दोन.

थांबून एक.

आवाज फळीतून पाण्यात गेला. पाण्यातून तोंडाबाहेर, वळणावर पडलेल्या तारेत. काचेतला प्रकाश किंचित अडखळला. ऊर्मिलाच्या टॅबलेटवर एक ओळ उमटली.

*ओळख: थोरली. जागा: उंडिणीची घळ. आज.*

ऊर्मिला ती ओळ वाचत राहिली. यंत्राचा दोष नव्हता. त्याला या दोघी एकच म्हणून शिकवल्या होत्या.

"ही नोंद चूक आसा," ती म्हणाली. "पुसूक होई."

"पूस मगे."

ऊर्मिलाचं बोट काचेवर गेलं. तसंच राहिलं. मग तिने टॅबलेट पालथा ठेवला आणि पुढे येऊन वहिनीच्या हातातली साखळी अर्धी आपल्या हातात घेतली.

दोघींनी मिळून नांगर सोडला.